पेटीवरची बोटं दिसेनात

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. म्हार्दोळला राहतो. गेली चाळीसेक वर्षं भजनाला पेटीची साथ करत आलो आहे. माझी नऊ वर्षांची नात लिस्बनला असते. दर शनिवारी रात्री साडेआठला, म्हणजे तिच्याकडच्या दुपारी चारला, मी तिला लॅपटॉपवरून पेटी शिकवतो. वाळपईची दोन मुलंही अशीच शिकतात. लॅपटॉप चार वर्षांचा आहे, विंडोज ११ आहे. शिकवताना आधी मी समोर बसून गाऊन दाखवतो, मग स्क्रीन पुढे झुकवून पेटीच्या पट्ट्या आणि माझी बोटं दाखवतो, पुन्हा स्क्रीन वर करतो. गणेशचवथीच्या आधीपासून चित्र मध्येच गोठायला लागलं. स्क्रीन थोडी मागेपुढे केली की परत यायचं. आता मुळीच येत नाही, नुसती काळी चौकट. कॅमेरा ॲप उघडलं तर कॅमेरा सापडत नाही असा संदेश येतो आणि खाली एक लांब कोड, त्याच्या शेवटी ४२४४. त्याच सुमारास माझा आवाजही पलीकडे जाईनासा झाला, पण हेडफोन लावला की जातो. एका दुकानात दाखवला, तर मदरबोर्ड बदलावा लागेल म्हणाले. किंमत ऐकून लॅपटॉप परत घेऊन आलो. मुलीने फोनवरून सगळी सेटिंग्ज तपासायला लावली, उपयोग झाला नाही. नातीचा तिसरा शनिवार बुडाला. काय करावं?
— एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : मास्तर, मदरबोर्डला इतक्यात कुणाला हात लावू देऊ नका. तुमच्या पत्रातच बरंचसं उत्तर आहे. स्क्रीन हलवली की चित्र परत यायचं, असं तुम्ही लिहिलंत. माइक त्याच सुमारास गेला, असंही लिहिलंत. हेडफोन लावला की आवाज जातो, म्हणजे मदरबोर्डवरची आवाजाची बाजू शाबूत आहे. आणि कोडच्या शेवटी ४२४४ आहे. तो आकडा आला की विंडोजला कॅमेरा जोडलेलाच दिसत नाही, असा त्याचा अर्थ. हे सगळं एकत्र ठेवलं तर माझं बोट पहिल्यांदा स्क्रीनच्या बिजागरीवर जातं. आमच्या भाषेत हिंजवर.

लॅपटॉपचा कॅमेरा म्हणजे स्क्रीनच्या वरच्या काठात बसवलेली बोटाएवढ्या रुंदीचीही नसलेली एक पट्टी. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती आतून यूएसबीनेच जोडलेली असते, आपण पेनड्राइव्ह लावतो तशीच, फक्त जोड बाहेरून दिसत नाही. विजेची एक, ग्राउंडची म्हणजे वीज परत नेणारी एक आणि माहिती नेणाऱ्या दोन, अशा केसासारख्या बारीक तारा मदरबोर्डकडून निघतात, हिंजमधून वळतात आणि स्क्रीनच्या कडेने वर चढतात. माइकही बहुतेक वेळा त्याच पट्टीवर असतो, त्याच्या तारा त्याच जुडग्यात. तुमचा कॅमेरा आणि माइक बरोबर गेले ते यामुळे असावं. स्क्रीनवरचं चित्र नेणाऱ्या ताराही बऱ्याच मॉडेलांत त्याच केबलमध्ये असतात. त्या अजून तुटलेल्या नाहीत, म्हणून बाकी सगळं नीट दिसतंय.

आता तुमची शिकवणी डोळ्यांसमोर आणा. तोंड, मग पट्ट्या, पुन्हा तोंड. एका तासात वीस-पंचवीस वेळा स्क्रीन झुकली असेल. इतर कुणी दिवसातून दोनदा लॅपटॉप उघडतो आणि मिटतो, त्या हिशेबात तुमच्या केबलने चार वर्षांत किती वळणं सोसली असतील! तिचा यात दोष नाही आणि तुमचाही नाही.

माझे बाबा माझ्या याच दुरुस्तीच्या दुकानात, फोंड्याच्या वरच्या बाजारात, रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. मला पहिल्यांदा हातात मीटर दिला तेव्हा त्यांनी एकच सांगितलं होतं : आवाज कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो ते आधी शोध, त्यानंतर स्क्रू काढ. कॅमेऱ्याचंही मी तसंच करते. भिंगावरचं झाकण, केबल, विंडोज, मग ॲप. चित्र यातल्या एका ठिकाणी थांबलेलं असतं. ते ठिकाण न शोधता जो थेट मोठा पार्ट बदलायला सांगतो, त्याचं ऐकून पैसे खर्च करू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण चांगले चालणारे बोर्ड काढून टाकलेले मी पाहिले आहेत.

तुमच्या बाबतीत एक तपासणी घरीच करता येईल आणि तिला तुमचे कान हवेत. लॅपटॉपचा आवाज मोठा करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपला जोडलेल्या भागांची यादी, उघडा. आता स्क्रीन अगदी सावकाश, विलंबित लयीत, पुढे-मागे करा. विंडोजला यूएसबीवर काही सापडलं तर चढते दोन स्वर वाजतात, तुटलं तर उतरते दोन. स्क्रीनच्या ठरावीक कोनात ते स्वर ऐकू आले किंवा समोरची यादी क्षणभर हलली, तर तार तिथेच कुठेतरी तुटते आणि जुळते आहे. त्याच कोनात यादीत ‘कॅमेराज’ नावाची ओळ उगवून परत गेली तर शंकाच उरत नाही. ‘युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स’खाली पिवळ्या खुणेचं ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ दिसलं, तर विंडोजला दारावर कुणीतरी आल्याचं कळतंय पण ओळख पटत नाही, असं समजा. अर्धवट तुटलेल्या तारेत असं होतं. मरू लागलेल्या कॅमेऱ्यातही होतं. काहीच झालं नाही तरी निराश होऊ नका, तार पुरती तुटली असेल तर ती गप्पच राहणार.

ज्या वाचकांच्या कॅमेऱ्यात चित्र नाही, पण हलवल्याने काही फरकही पडत नाही, त्यांनी मात्र सुरुवात बाहेरून करावी. सगळ्यात आधी झाकण. बऱ्याच लॅपटॉपना भिंगावर सरकणारी इवलीशी पट्टी असते. ती बंद असताना कॅमेऱ्याशेजारचा दिवा पेटतो, ॲप कुरकुर करत नाही, फक्त चित्र काळंमिट्ट. मागच्या पावसात मडकईहून एक बाई भिजत आल्या. मुलगा जहाजावर, बंदराला लागला की फोन करतो, आणि तीन आठवडे त्याला आईचं तोंड दिसलेलं नव्हतं. मी नखाने पट्टी सरकवली. त्यांनी तिथेच काउंटरवर उभं राहून मुलाला फोन लावला, आणि मी मागच्या खोलीत जाऊन बसले, त्यांना बोलू दिलं. पट्टी काळ्या काठात काळीच असते, दिसायला कठीण आहे. स्क्रीनच्या वरच्या काठावर बॅटरीचा उजेड तिरका टाकून बघा, आणि कोपऱ्यावरून बोटही फिरवा.

काही मॉडेलांत झाकण नसतं, कीबोर्डवर बटण असतं. कॅमेऱ्यावर तिरकी रेघ मारलेलं चित्र कुठल्या बटणावर आहे ते शोधा. आसुसच्या अनेक लॅपटॉपवर ते एफ-१० वर आहे, एमएसआयवर एफएन धरून एफ-६. एचपीच्या काही मॉडेलांत कडेला छोटा स्विच असतो. अशा बटणाने किंवा स्विचने कधी कधी कॅमेऱ्याची वीजच तुटते, आणि मग तो डिव्हाइस मॅनेजरमधूनही नाहीसा होतो. मास्तरांना आलेला ४२४४ चा संदेश अशा वेळीही येतो. म्हणून हे बघितल्याशिवाय मी कुणाचाही लॅपटॉप उघडत नाही. कोडच्या शेवटी ४२४३ असेल तर गोष्ट वेगळी : कॅमेरा आहे, पण दुसऱ्या ॲपने धरून ठेवला आहे. ते ॲप बंद करा.

मग विंडोजची परवानगी. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे खाली कॅमेरा. इथे एकाखाली एक खटके आहेत आणि लोक पहिला चालू करून थांबतात. सर्वांत वरचा अख्ख्या लॅपटॉपसाठी, दुसरा ॲप्ससाठी, आणि यादीच्या खाली एक डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळा. ब्राउझरमधून बोलणाऱ्यांना तो शेवटचा लागतो. अँटिव्हायरसमध्येही वेबकॅमची राखण करणारी सोय असते, ती विचारल्याशिवाय अडवते, तिच्यात डोकावा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा आहे, पण चित्र नाही, तर त्याच्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. रीस्टार्टच करा, शट डाउन नको. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावरही आतला बराच भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि जुनी गुंतागुंत दुसऱ्या दिवशी परत उभी राहते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने मांडलं जातं. ‘मी रोज बंद करते, तरी तसंच आहे’ असं सांगणाऱ्या कितीतरी जणींना मी हे सांगितलं आहे. एवढ्यानेही नाही झालं, तर ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, आपलं मॉडेल नीट बघून घ्या. गुगलवर वर येणाऱ्या ‘ड्रायव्हर फिक्सर’ला घरात घेऊ नका.

आता सॉफ्टवेअर की वस्तू, हे एका फटक्यात ठरवायचं असेल तर माझी आवडती रीत आहे. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची मोफत प्रणाली, घ्यायचं, लॅपटॉप त्यावरून चालू करायचा आणि ‘ट्राय उबुंटू’ निवडायचं. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. तिथे कॅमेऱ्याचं ॲप उघडून आपलं तोंड दिसलं, तर कॅमेरा आणि केबल ठणठणीत, दोष विंडोजच्या बाजूला. नाही दिसलं तर बहुतेक वेळा वस्तूचा दोष. अलीकडच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र कॅमेरा यूएसबीने न जोडता थेट प्रोसेसरच्या बाजूला जोडतात, आणि तिथे लिनक्सला तो बऱ्याचदा ओळखता येत नाही. तसा लॅपटॉप असेल तर या परीक्षेवर विसंबू नका. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला घातलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही बदललं की विंडोज ती मागू शकते. बायोसमध्ये गेलाच आहात तर कॅमेरा बंद करून ठेवलेला नाही ना, तेही बघा. कंपनीने दिलेल्या, ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये तो तिथे बंद केलेला असू शकतो.

पावसाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण गोव्यात जून ते सप्टेंबर लॅपटॉपची जी दशा होते ती कंपनीच्या पुस्तकात नसते. हवेत ओल, किनाऱ्याकडे मीठही. कनेक्टरच्या पितळी टोकांवर हिरवट पूड धरते, देव्हाऱ्यातल्या तांब्यावर धरते तशीच. मास्तर, तुमच्याकडे चवथीच्या आधी सुरू झालं, म्हणजे पाऊस भरात असताना. कधी तार तुटलेलीच नसते, टोक हिरवं पडलेलं असतं किंवा कनेक्टर अर्धा निसटलेला असतो. अशा वेळी काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, परत दाबून बसवलं की काम होतं, आणि पार्टचा एक रुपयाही लागत नाही. तांदळाच्या डब्यात लॅपटॉप पुरून ठेवू नका. धूळ आत जाते, आणि हिरवी पूड आहे तिथेच राहते. हेअर ड्रायरही नको, स्क्रीनचं प्लास्टिक वाकतं.

स्क्रीनची चौकट घरी उघडावी का, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर नाही असं आहे. चौकट दुहेरी चिकटपट्टीने आणि बारीक खोबणींनी धरलेली असते, जुनं सिमकार्ड घालून ती उकलता येते, हे खरं. पण बऱ्याचदा त्याच केबलमधून स्क्रीनच्या उजेडाची वीज जाते. बॅटरी न काढता कनेक्टर तिरका ओढला, तर बोर्डवरचा फ्यूज जाऊ शकतो आणि मग कॅमेऱ्याबरोबर स्क्रीनही काळी.

तेव्हा तुम्ही दुकानात न्या, पण काय करायला सांगायचं ते ठरवून न्या. आधी बॅटरी सोडवून केबलची दोन्ही टोकं काढून, पुसून बसवायला सांगा. त्याने झालं नाही तर मीटरने प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत मोजायला सांगा, आणि मोजताना हिंज हलवायला सांगा. न हलवता मोजलेली तुटकी केबलही बऱ्याचदा चांगली निघते, कारण आडवी ठेवल्यावर तुटकी टोकं जुळून येतात. तारा चांगल्या असतील तर वरची कॅमेऱ्याची पट्टी बदलून बघायची. केबलवर आणि पट्टीवर कागदी लेबलावर पार्ट नंबर छापलेला असतो, त्याच नंबरची मागवायची. दिसायला सारखी दिसणारी दुसरी चालत नाही, कनेक्टर बसतो पण तारांचा क्रम वेगळा असू शकतो. एवढं सगळं करूनही कॅमेरा सापडला नाही, तरच बोर्डाकडे वळायचं. काढलेला पार्ट परत मागून घ्या, तो तुमचा आहे.

आणि येत्या शनिवारसाठी. दुरुस्तीला आठवडा लागला तरी नातीचा धडा बुडायला नको. यूएसबीवर लावायचा साधा बाहेरचा कॅमेरा हजार-दीड हजारापासून मिळतो. तुमच्यासाठी तर मी तो कायमचाच सुचवीन. छोट्या स्टँडवर बसवून पेटीच्या वर, थोडा डाव्या हाताकडून, खाली बघणारा लावा, म्हणजे भात्यावरचा हातही दिसेल. लॅपटॉपचा कॅमेरा दुरुस्त होऊन आला की तो तोंडासाठी, हा बोटांसाठी. मीटिंगच्या सेटिंगमध्ये यादीतून हवा तो कॅमेरा निवडला की झालं, स्क्रीनला हात लावायचं कारण नाही. तेवढेही पैसे आता घालायचे नसतील तर तुमचा अँड्रॉइड फोन कामी येईल. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मोबाइल डिव्हायसेस इथून फोन जोडून त्याचा कॅमेरा लॅपटॉपवर घेता येतो. मुलीला एकदा फोन करून जोडून घ्या. माइकसाठी हेडफोन आहेच, मात्र पेटीचा आवाज त्यातून कसा जातो ते शनिवारच्या आधी ऐकून बघा. हेडफोनचा माइक आणि कॉलचं ॲप बोलण्यासाठी असतात, लांबलेला सूर ॲपला गोंगाट वाटू शकतो आणि ते तो दाबून टाकतं. तुम्ही ज्या ॲपवर शिकवता त्यात ‘नॉइज सप्रेशन’ किंवा ‘नॉइज कॅन्सलेशन’ नावाचा पर्याय असेल, तो शिकवताना बंद ठेवा.

प्रश्न : मी डिचोलीचा, नोकरीच्या मुलाखती सध्या ऑनलाइन देतो. कॅमेरा ॲपमध्ये माझं चित्र अगदी स्वच्छ येतं, पण मुलाखतीची लिंक ब्राउझरमध्ये उघडली की काळं. परवा पंधरा मिनिटं त्यातच गेली.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमचा कॅमेरा आणि केबल दोन्ही ठीक आहेत, चित्र शेवटच्या दाराशी अडलं आहे. आधी कॅमेरा ॲप बंद करा. तपासायला म्हणून उघडून मागे तसंच ठेवलेलं ॲपच कॅमेरा धरून बसलेलं असतं, हे मी वारंवार बघते. मग ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटला कॅमेऱ्याची परवानगी आहे का ते बघा. एकदा घाईत ‘ब्लॉक’ दाबलं गेलं तर ब्राउझर पुन्हा विचारत नाही, गप्प राहतो. परवानगी असूनही काळं असेल तर त्या साइटच्या सेटिंगमध्ये कुठला कॅमेरा निवडला आहे ते वाचा. रेकॉर्डिंगचं एखादं सॉफ्टवेअर कधी टाकलं असेल तर ‘व्हर्च्युअल कॅमेरा’ नावाचा एक खोटा कॅमेरा यादीत येतो आणि ब्राउझर तोच उचलतो. यादीतून खरा निवडा. पुढच्या मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी, त्याच ब्राउझरमध्ये, मित्राला फोन लावून बघा.

प्रश्न : चित्र येतं, पण धुक्यातून बघितल्यासारखं पांढुरकं. मुलं म्हणतात कॅमेरा गेला.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : भिंगावर कधी कागदी चिकटपट्टी किंवा टिकली लावली होती का? त्याचा गोंद उरला की असंच दिसतं. चष्मा पुसायचं मऊ कापड घ्या, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावा, कापडालाच, स्क्रीनवर ओतू नका, आणि भिंग हलकेच पुसा. पुसूनही धुकं तसंच राहिलं आणि उजेडात बघितल्यावर जाळीसारखं काही दिसलं, तर ती आतल्या बाजूची बुरशी आहे, पावसात धरते. तेव्हा स्क्रीनच्या काठातली कॅमेऱ्याची पट्टी बदलावी लागेल, लॅपटॉप नाही. कॅमेरा झाकायची सवय असेल तर यापुढे पातळ कागदाची छोटी चकती वापरा आणि लॅपटॉप मिटण्याआधी ती काढा. काच आणि कीबोर्ड यांच्यात फार थोडी जागा असते, जाड झाकण लावून मिटलेल्या स्क्रीनला तडा गेलेला मी याच महिन्यात बघितला आहे.